‘करमणूक’चे जुने खंड : बाद यादीपासून छापील संहितेपर्यंत

खानदेशातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते आणि 2023 मध्ये निवृत्त झाले. नोकरीच्या उत्तरार्धातील बराचसा काळ एकाच कामात गेला. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे काही बांधीव खंड आमच्या संग्रहात होते. ते खंड वाचवणे, त्यांच्या प्रतिमा तयार करणे आणि त्यांतील हरिभाऊंच्या स्फुट लेखनाची विश्वासार्ह संहिता छापून आणणे, असे ते काम होते. जिल्ह्या-तालुक्यांच्या वाचनालयांत अशी जुनी नियतकालिके अजूनही आहेत, आणि ती हाती आल्यावर सुरुवात कुठून करावी हे सांगणारे माणूस सहसा भेटत नाही. म्हणून हा सगळा क्रम कागद, पैसा आणि परवानग्या यांच्यासह लिहून ठेवत आहे.

सुरुवात 2014 च्या मे महिन्यातील ग्रंथपडताळणीत झाली. पडताळणीनंतर जीर्ण ग्रंथांची बाद यादी तयार होते, ती कार्यकारी मंडळापुढे जाते, मंजूर झाली की पुस्तके रद्दीत निघतात. त्या वर्षीच्या यादीत ‘करमणूक, बांधीव’ एवढीच नोंद असलेले काही दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथ संग्रहात येताना मिळणारे क्रमांक, होते आणि शेरा होता ‘जीर्ण, वाचनास अयोग्य’. शेरा खोटा नव्हता. पान उलटताना कोपरा हातात येत होता. परंतु वाचण्यास देण्याजोगा नसलेला ग्रंथ आणि ठेवण्याजोगा नसलेला ग्रंथ यांत मोठे अंतर आहे, आणि आपल्या बाद यादीच्या नमुन्यात या दोन्हींसाठी एकच रकाना असतो.

ते खंड यादीतून काढण्यासाठी मी लेखी अर्ज केला. अर्जात भावनेपेक्षा माहिती असावी असे ठरवून तीन गोष्टी लिहिल्या. हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी आपल्याच खानदेशातील पारोळ्याचा. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या वाचकांनी पुस्तकरूपाआधी साप्ताहिकातून, हप्त्याहप्त्याने वाचल्या. आणि 2019 मध्ये त्यांची स्मृतिशताब्दी येत आहे. मंडळाची पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, दुसरीत विषय मागे पडला, आणि पावसाळा संपता संपता ठराव मंजूर झाला. त्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मी लगेच काढून ठेवली. पुढे प्रत्येक दारात तीच मागितली गेली, तेव्हा हे काम हाती घेणाऱ्याने ठरावाच्या चार-पाच प्रमाणित प्रती पहिल्याच दिवशी करून घ्याव्यात.

पुढचा प्रश्न पैशाचा होता. सार्वजनिक वाचनालयाला शासनाचे परिरक्षण अनुदान मिळते, पण ते हप्त्यांनी येते. वेतन, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, भाडे आणि वीजबिल भागवल्यावर त्यात जतनासाठी काही उरत नाही. शिवाय ‘जतन’ या नावाने खर्च टाकला तर लेखापरीक्षणात तो कोणत्या शीर्षाखाली बसतो, असा प्रश्न निघतो. मी राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या योजनेची चौकशी केली. तेथील व्याख्येनुसार पांडुलिपी म्हणजे किमान 75 वर्षे जुने हस्तलिखित; शिळाप्रेसवर छापलेले किंवा खिळ्यांनी छापलेले साहित्य तिच्यात येत नाही. अठराव्या शतकातील सामान्य पोथीला जे संरक्षण मिळू शकते ते 1890 च्या साप्ताहिकाला मिळत नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पोथीचा हातकागद चिवट असतो आणि दोनशे वर्षे सहज टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला गिरणीचा कागद मात्र स्वतःच स्वतःला खातो. लाकडाचा लगदा आणि खळीसाठी वापरलेली राळ व तुरटी यांमुळे त्यात आम्ल तयार होते, आणि कोणी हात लावला नाही तरी तो तपकिरी व ठिसूळ होत जातो.

अखेर वाचनालयाच्या जुन्या सभासदांकडून देणग्या मागितल्या. रक्कम लहान असो वा मोठी, प्रत्येकाला पावती दिली, आणि या निधीसाठी खतावणीत वेगळे खाते उघडून घेतले. वेगळ्या खात्याचा आग्रह मी मुद्दाम धरला, कारण ते नसते तर पुढची छपाई लेखापरीक्षकाने अडवली असती. 2015 च्या मार्चअखेर सुमारे चाळीस हजार रुपये जमले होते आणि तेवढ्यावर काम सुरू झाले.

जतनाचे प्रशिक्षण माझ्याकडे नव्हते. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत वर्गीकरण आणि तालिकीकरण भरपूर असते, कागदाच्या दुरुस्तीला मात्र एखाददुसरा तास मिळतो. पुण्यात हस्तलिखितांवर काम करणाऱ्या एका जाणत्या संवर्धकांकडे मी रजा टाकून जात राहिले. त्यांनी पहिला धडा दिला तो हात न लावण्याचा. खंड सरळ उघडायचा नाही. दोन्ही बाजूंना उशा ठेवून तो जेमतेम काटकोनात उघडायचा. चिकटपट्टी कधीही लावायची नाही, कारण तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पानाची दुरुस्ती जपानी टिशू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ यांनी करायची, म्हणजे पुढच्या पिढीला ती पाण्याने सोडवता येते. टिशू कात्रीने कापायचा नाही, ओलसर कुंचल्याने रेघ ओढून फाडायचा. त्यामुळे कडेला तंतू राहतात आणि जोड पानात मिसळतो.

‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्’ हे पोथ्यांच्या अखेरीस येणारे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला वाचव, असे पुस्तक म्हणते. आमच्या खंडांचे नुकसान घट्ट बांधणीने केले होते. पूर्वी कधीतरी बांधणीवाल्याने वर्षभराचे अंक एकत्र रचून आतल्या समासातून जाड दोऱ्याने आडवी शिवण घातली होती आणि कडा सारख्या करण्यासाठी बाहेरचा समास कापला होता. परिणामी आतल्या बाजूची दोन-तीन अक्षरे शिवणीत गेली आणि बाहेरची काही ओळींची टोके कायमची गेली. दोरा कापून अंक सुटे करावेत की नाही, यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. ज्या खंडांत मजकूर दिसत होता ते तसेच ठेवले, आणि जिथे शिवणीखालची अक्षरे वाचताच येत नव्हती तेवढेच खंड सोडवले. सोडवण्याआधी प्रत्येक पानाची क्रमवार नोंद आणि छायाचित्र घेतले. हे केल्याशिवाय कोणीही सुरीला हात लावू नये.

हवामानाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44 अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की असा कागद पापडासारखा मोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील ओलाव्याने तोच कागद थोडा लवचिक होतो, परंतु तेव्हा बुरशीची भीती असते. आम्ही पाने उलटण्याची आणि दुरुस्तीची कामे पावसाळा ओसरताना, सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत ठेवली, आणि उन्हाळ्यात फक्त नोंदी केल्या. कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. त्या पानांना टेकणार नाहीत एवढी काळजी घेतली. आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या पुण्याहून मागवाव्या लागल्या. एकेक पेटी चारशे रुपयांच्या आसपास पडली आणि ती येण्यास दोन महिने लागले. सगळ्या खर्चांत हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो.

प्रतिमा घेण्याचे काम 2016 च्या दिवाळीनंतर झाले. एका व्यावसायिक संस्थेने पानामागे दीड रुपया इतका स्वस्त दर सांगितला होता, पण त्यांची पद्धत खंड काचेवर पालथा दाबण्याची होती. आम्ही नकार दिला आणि वरून छायाचित्र घेणारा कॅमेरा, स्टँड व दोन दिवे भाड्याने आणले. तो खर्च पानामागे सहा रुपयांवर गेला. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवल्या, वाचकांसाठी पीडीएफ वेगळे केले, आणि तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, त्यांपैकी एक गावाबाहेर. प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, अंक आणि पृष्ठ हे तिन्ही आलेच पाहिजेत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. यंत्राने दिलेली अनुक्रमांकांची नावे तशीच राहिली असती, तर हजारो पाने पुन्हा जुळवत बसावे लागले असते.

इथवरचे काम ग्रंथपालाचे होते. यानंतर संपादकाचे सुरू झाले, आणि ते करताना जाणवले की दोन्हींची शिस्त एकच आहे. हरिभाऊ स्वतः आयुष्यभर आनंदाश्रमाशी जोडलेले होते. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या त्या संस्थेत संस्कृत हस्तलिखिते जमवली जात, प्रती ताडून पाहिल्या जात आणि आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावली छापली जाई, आणि तिचे व्यवस्थापन हरिभाऊंकडे होते. ज्या माणसाने पोथ्यांची एवढी काळजी वाहिली, त्याच्या स्वतःच्या मजकुराला निदान पाठभेदांची, म्हणजे प्रतीप्रतींतील फरकांची, नोंद मिळावी, ही माझी तळमळ होती.

यंत्राने अक्षरे ओळखण्याचा प्रयोग आम्ही केला. स्वच्छ पानांवर तो बरा चालला, पण डागाळलेल्या पानांवर निरुपयोगी ठरला. 2017 आणि 2018 मध्ये मग दोन टंकलेखकांकडून तोच मजकूर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये टंकून घेतला आणि दोन्ही फाइली संगणकावर ताडून पाहिल्या. जिथे दोघांत फरक दिसे तिथे मूळ पान काढायचे. खर्च दुप्पट झाला, परंतु दोन माणसे एकाच जागी एकच चूक क्वचित करतात, त्यामुळे मुद्रितशोधन फार हलके झाले. टंकलेखन युनिकोडपूर्वीच्या जुन्या डीटीपी (छपाईच्या मांडणीसाठीच्या) फॉन्टमध्ये करून घेण्याचा मोह टाळावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार कुठच्या कुठे जातात.

सर्वांत जास्त वेळ अनुस्वारांनी घेतला. त्या काळच्या लेखनात ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कीं’, ‘असें’ असे अनुच्चारित अनुस्वार जागोजाग येतात, आणि एकशे पंचवीस वर्षांच्या कागदावर बुरशीचे ठिपकेही तेवढेच बारीक आणि तेवढेच काळे असतात. छायाचित्रात दोन्ही सारखे दिसतात. मूळ पान हाती घेतल्यावर मात्र निर्णय करता येतो. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदावर दाबले जाते, त्यामुळे बाजूने तिरपा प्रकाश टाकला की शाईच्या ठिपक्याजवळ किंचित खळगा दिसतो आणि पानाच्या मागे सूक्ष्म उंचवटा येतो. बुरशीचा डाग कागदात पसरतो, त्याला दाब नसतो. एका साध्या विजेरीने आणि दहापट भिंगाने आम्ही शेकडो अनुस्वारांचा असा निवाडा केला. प्रतिमा झाल्यावर मूळ खंडाची गरज संपते असे जे म्हणतात, त्यांना मी हेच उदाहरण देते.

हे अनुस्वार छापील आवृत्तीत ठेवावेत का, यावर आमच्या छोट्या समितीत मतभेद झाले. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले, आजच्या वाचकाला ते खटकतात, आणि विक्रीच्या दृष्टीने सुटसुटीत लेखन बरे, असा एक पक्ष होता. मी ते ठेवण्याच्या बाजूने ठाम होते. ‘ती आली’ म्हणजे एक स्त्री, आणि ‘तीं आलीं’ म्हणजे नवरा-बायको मिळून दोघेही असू शकतात. घरगुती जीवनाच्या वर्णनात हा फरक ओळीओळीला येतो आणि अनुस्वार काढला की वाचकाला तो कळण्याचा मार्ग उरत नाही. अखेर मूळ लेखन कायम ठेवून प्रास्ताविकात दोन पानांचे स्पष्टीकरण द्यावे असे ठरले. जुळाऱ्याच्या, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या, उघड चुका, म्हणजे उलटा खिळा किंवा दोनदा आलेला शब्द, दुरुस्त केल्या आणि प्रत्येक दुरुस्ती तळटीपेत दाखवली. लेखकाने सैल लिहिलेले वाक्य, लांबलेला परिच्छेद, एकाच गोष्टीत एकाच नावाची दोन रूपे यांना हात लावला नाही. दर आठवड्याच्या निकडीत लिहिणाऱ्या लेखकाची ती खरी चाल आहे, आणि ती नीटनेटकी करण्याचा अधिकार संपादकाला नाही असे माझे मत आहे.

आमच्या खंडांत मध्येच काही अंक नव्हते. मराठी नियतकालिकांच्या सूचीवरून आणि शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीवरून दिशा मिळाली, मग पुण्या-मुंबईच्या जुन्या संग्रहांना पत्रे लिहिली. काही ठिकाणी आठवड्यात उत्तर आले. एका संस्थेने वर्षभर उत्तर दिले नाही. नंतर प्रवेश दिला, पण छायाचित्र घेण्यास मनाई केली. तेथील पाने मी पेन्सिलीने हाताने उतरवून घेतली. अशा ठिकाणी जाताना वाचनालयाच्या लेटरहेडवरील पत्र, ठरावाची प्रत, ओळखपत्राची झेरॉक्स आणि हव्या असलेल्या अंकांची नेमकी यादी बरोबर असावी. ‘करमणूक पाहायची आहे’ असे मोघम सांगितले तर कपाट उघडत नाही. वर्ष आणि अंक सांगितले की कर्मचारी मनापासून मदत करतात. जे अंक कुठेच मिळाले नाहीत त्यांच्या जागी आम्ही रिकामी चौकट छापली.

स्वामित्वहक्काची भीती अनेकांना वाटते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. हरिभाऊंचे निधन 3 मार्च 1919 रोजी झाले, आणि त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनावरील हक्क केव्हाच संपला आहे. आजच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. मात्र नंतरच्या आवृत्त्यांना इतर संपादकांनी लिहिलेल्या प्रस्तावना, टिपा आणि नवी चित्रे यांचा हक्क स्वतंत्र असतो. म्हणून आम्ही कोणत्याही अलीकडच्या आवृत्तीवरून मजकूर घेतला नाही, आणि आमची आधारप्रत कोणती हे प्रत्येक लेखाखाली लिहिले. सही नसलेल्या मजकुराचा प्रश्न अधिक नाजूक होता. साप्ताहिकाचे संपादक हरिभाऊ, म्हणून प्रत्येक निनावी टिपण त्यांचेच, असे मानणे सोपे असते. शैलीवरून अंदाज बांधून ग्रंथाचे आकारमान वाढवण्यापेक्षा आम्ही असा सगळा मजकूर ‘अस्वाक्षरित’ या शीर्षकाखाली परिशिष्टात घातला.

स्मृतिशताब्दीला, मार्च 2019 मध्ये, ग्रंथ तयार नव्हता. मंडळातील काही सदस्य नाराज होते आणि अपुरा ग्रंथ प्रकाशित करावा असाही आग्रह झाला. त्या आठवड्यांत मला रात्री झोप लागत नसे. शेवटी खंडांचे प्रदर्शन भरवून शताब्दी साजरी केली, आणि संपूर्ण ताडणी झाल्याशिवाय छपाई नाही, हे मंडळाने मान्य केले. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि वाचनालय ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. प्रतिमा हाताशी असल्यामुळे मुद्रितशोधन घरून चालू ठेवता आले. अनुस्वारांच्या शंका मात्र वहीत साचत गेल्या आणि कुलूप उघडल्यावर सोडवल्या.

2021 मध्ये आयएसबीएनसाठी, म्हणजे ग्रंथाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकासाठी, अर्ज केला. तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय अभिकरणाकडे ऑनलाइन करायचा असतो आणि शुल्क नसते. वाचनालयाची आधी प्रकाशक म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि मुखपृष्ठाचा मसुदा मागितला गेला. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण प्रमाणपत्रावरील नाव आणि पॅनवरील नाव यांत ‘सार्वजनिक’ शब्दाचा फरक होता. प्रतिज्ञापत्र जोडून पुन्हा पाठवला आणि काही आठवड्यांनी क्रमांक मिळाला. संस्थेच्या सर्व कागदांवरील नाव अक्षरशः एक आहे का, हे अर्जाआधी पाहून घ्यावे.

2022 च्या ऑगस्टमध्ये तीनशे प्रती छापल्या. आम्लरहित कागदामुळे खर्च जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढला, परंतु ज्या कारणाने मूळ खंड मोडले त्याच कारणाने नवा ग्रंथ मोडू देणे मला मान्य नव्हते. बांधणी दोऱ्याची, आणि आतला समास रुंद ठेवला. 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालये यांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते. लहान प्रकाशक हे टाळतात. कोणी विचारत नाही हेही खरे. पण हरवलेले अंक शोधत मी ज्या कपाटांपर्यंत पोचले, तिथे ते अंक कोणीतरी कधीतरी नियमाने पाठवले म्हणूनच होते. चारही पार्सलांच्या पोचपावत्या आम्ही फाइलला लावल्या.

निवृत्तीच्या आधी तीन महिने मी नव्या ग्रंथपालांबरोबर बसून सर्व पेट्यांची पुन्हा मोजदाद केली, दाखल नोंदवहीत प्रत्येक खंडापुढे पेटी क्रमांक आणि ‘संदर्भ, घरी देऊ नये’ हा शेरा लाल शाईने लिहिला, आणि तो शेरा मंडळाच्या ठरावाने कायम करून घेतला. मूळ खंड पाहायचे असल्यास वाचकाने दोन दिवस आधी कळवावे लागते. प्रतिमा मात्र वाचनालयातील संगणकावर कोणालाही लगेच पाहता येतात. अस्वाक्षरित मजकुराची सूची अजून अपुरी आहे आणि ती मी आता आठवड्यातून दोन दुपारी तिथे जाऊन पुरी करत आहे.